दोन गंधारांची कॉर्ड : ई सेव्हन शार्प नाइन धरावी कशी आणि वाजवावी कुठे

घरात पेटी असेल तर गिटार हातात घेण्यापूर्वी ती उघडावी. पांढरी तीनचा षड्ज मानावा, त्याच सप्तकातील काळी चार घ्यावी आणि त्यावरच्या सप्तकातील पांढरी दोन व पांढरी पाच या पट्ट्या त्यांच्याबरोबर एकदम दाबाव्यात. हा पल्ला एका पंजात मावत नाही, दोन्ही हात पट्ट्यांवर अडकतात आणि भात्यासाठी दुसरे कोणीतरी लागते. बडोद्यात दांडियाबाजारातल्या आमच्या जुन्या घरी ते काम आजीने केले होते. दोन-तीन वेळा भाता ओढल्यावर तिने हात थांबवला आणि म्हणाली, "अरे, दोन्ही गंधार एकदम काय दाबून बसलायस? आधी एक लाव, मग दुसरा."

ज्या कॉर्डला, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीला, गिटारवादक 'हेंड्रिक्स कॉर्ड' म्हणतात, तिच्याविषयी इतके नेमके वाक्य मी नंतर कोणाकडूनही ऐकले नाही. शुद्ध गंधार आणि कोमल गंधार एकदम लावणे हाच या कॉर्डचा सगळा मामला आहे. ती कशी धरायची, कोणती तार बंद ठेवायची आणि गाण्यात तिला कोठे बसवायचे, हे सारे प्रश्न या दोन गंधारांचे आपसांतले अंतर सांभाळण्यापाशीच येऊन थांबतात.

नावाचा उलगडा

कॉर्डचे पूर्ण नाव 'ई सेव्हन शार्प नाइन' आहे. ई म्हणजे आपली पांढरी तीन आणि तोच तिचा षड्ज. त्यावर शुद्ध गंधार म्हणजे जी शार्प, पंचम म्हणजे बी आणि कोमल निषाद म्हणजे डी असे स्वर रचले की साधी 'ई सेव्हन' तयार होते. या षड्जापासून नववा स्वर मोजला तर तो वरच्या सप्तकातला शुद्ध रिषभ, म्हणजे एफ शार्प येतो, आणि त्याला आणखी अर्धा स्वर चढवले की आपण जी या पट्टीवर, म्हणजे कोमल गंधाराच्या जागेवर पोहोचतो. पाश्चात्त्य पद्धतीत एकाच कॉर्डमध्ये दोन गंधार लिहिणे टाळतात, म्हणून कोमल गंधाराला येथे 'चढवलेला रिषभ' असे नाव दिलेले आहे. ही युक्ती आपल्याला अगदीच अपरिचित नाही. कर्नाटक संगीतात षट्श्रुती रिषभ आणि साधारण गंधार यांची जागा एकच असते, आणि सोबत अंतर गंधार, म्हणजे आपला शुद्ध गंधार असेल, तेव्हा त्या स्वराला रिषभ म्हणतात.

हिंदुस्थानी संगीतातही दोन्ही गंधारांचे राग आहेत. जोगमध्ये शुद्ध गंधार चढताना आणि कोमल गंधार उतरताना येतो. जयजयवंतीत कोमल गंधार दोन रिषभांच्या मधे अलगद टेकून जातो. ज्या बडोद्यात फैयाज खाँसाहेब दरबार गायक होते आणि १९५० साली जेथे त्यांचे निधन झाले, तेथे जयजयवंतीचे दोन गंधार कोणाला समजावून सांगावे लागू नयेत. फरक असा की रागात हे दोन स्वर एकमेकांना वाट देत एकामागून एक येतात आणि कॉर्डमध्ये ते एकाच क्षणी उभे राहतात. आजीचा आक्षेप नेमका तेवढाच होता.

जॅझमध्ये ही कॉर्ड पूर्वीपासून होती आणि १९६६ सालच्या बीटल्सच्या 'टॅक्समन'मध्ये ती डी या षड्जावर ऐकू येते. तरीही मार्च १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये 'पर्पल हेझ' प्रसिद्ध झाले आणि ती अमेरिकन रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या नावावर जमा झाली. त्याचे कारण, माझ्या मते, तिच्या वापरात आहे. जॅझमध्ये ती बहुधा पुढच्या कॉर्डकडे नेणारी, ताण निर्माण करून तो सोडवणारी असते. हेंड्रिक्सने मात्र तिलाच मुक्कामाचे घर केले. ताण सुटत नाही, आणि गाणे त्या न सुटलेल्या ताणावरच नांदते.

पंजा बसवणे

येथे सर्वांत जाड तारेला सहावी आणि सर्वांत बारीक तारेला पहिली म्हटले आहे. फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेले घर. मधले बोट पाचव्या तारेच्या सातव्या फ्रेटवर, तर्जनी चौथ्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर, अनामिका तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर आणि करंगळी दुसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवर येते. सहावी तार मोकळी वाजते आणि पहिली तार तूर्त मुकी ठेवायची आहे. पाचव्या तारेपासून खाली आले तर अनुक्रमे षड्ज, शुद्ध गंधार, कोमल निषाद आणि तार सप्तकातला कोमल गंधार मिळतो, आणि मोकळी सहावी तार मंद्र षड्ज देते. पंचम या पंजात नाहीच. त्याची उणीव कानाला भासत नाही, कारण षड्जाच्या नादात तो आधीपासून मिसळलेला असतो.

बहुतेक शिकणारे मधल्या बोटापासून सुरुवात करतात आणि शेवटी करंगळी आठव्या फ्रेटकडे ताणतात. तोवर पंजा आखडलेला असतो, करंगळी आडवी पडते आणि तार नीट दाबली जात नाही. मी उलट क्रम सुचवतो. प्रथम करंगळी तिच्या जागेवर टोकाने उभी करावी, मग मधले बोट ठेवावे, म्हणजे पंजाची दोन्ही टोके पक्की होतात, आणि नंतर तर्जनी व अनामिका मधल्या जागेत सोडाव्यात. अंगठा मानेच्या मागे साधारण मधल्या बोटासमोर असावा. हेंड्रिक्स अनेकदा अंगठा मानेवरून वर आणून त्याने जाड तार दाबत असे, पण त्याचे पंजे मोठे होते. लहान पंजाच्या माणसाने आरंभीच ती नक्कल करून मनगट दुखवून घेऊ नये.

पंजा बसला की लगेच छेडू नये. पिकने सहाव्या तारेपासून दुसऱ्या तारेपर्यंत एकेक तार सावकाश वाजवावी आणि त्याबरोबर सा, सा, ग, नि, ग असे गुणगुणावे. चौथ्या तारेतून 'ठक्' असा मेलेला आवाज आला तर बहुधा मधले बोट आडवे पडून तिला चिकटलेले असते. मधल्या बोटाचे पहिले पेर अधिक वाकवले की ती तार मोकळी होते. पाचवी तार घुमत नसेल तर मधले बोट फ्रेटच्या पट्टीपासून फार मागे राहिलेले असते.

आणखी एक दोष लवकर लक्षात येत नाही. करंगळी कमजोर म्हणून आपण ती जरुरीपेक्षा जास्त रेटतो, त्या रेट्याने दुसरी तार किंचित बाजूला सरकते आणि कोमल गंधार चढतो. इतर कॉर्डमध्ये एवढे खपून जाते. येथे मात्र कोमल गंधार शुद्ध गंधाराकडे झुकला की दोघांमधला भेदच पुसट होतो. ट्यूनर चालू ठेवून दुसऱ्या तारेचा आठवा फ्रेट एकटा वाजवावा आणि नंतर पूर्ण पंजात तोच स्वर पुन्हा तपासावा. काटा दोन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबला पाहिजे.

सुरेलपणाविषयी तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या वाचकांना एक इशारा. गिटारचा जी शार्प सुमारे २०७.६५ हर्ट्झवर असतो, तर ई हाच षड्ज धरून तंबोऱ्याच्या नादातून उमटणारा शुद्ध गंधार सुमारे २०६ हर्ट्झवर येतो. त्यामुळे तयार कानाला गिटारचा गंधार चढा वाटणारच. पण तेवढ्यासाठी चौथी तार कानाने उतरवू नये. हा एक गंधार सुधारेल आणि बाकीच्या सगळ्या कॉर्ड बिघडतील. या वाद्यापुरती ट्यूनरची आज्ञा मानावी.

मुकी तार आणि सप्तकाचे अंतर

दोन्ही गंधार एकत्र येऊनही कान फाटत नाही, ते कशामुळे, हे गिटारवरच करून पाहता येते. तिसरी तार मोकळी वाजवली की कोमल गंधार मिळतो, सुमारे १९६ हर्ट्झचा. तिच्याबरोबर चौथ्या तारेच्या सहाव्या फ्रेटवरचा शुद्ध गंधार वाजवावा. हे दोन स्वर शेजारी शेजारी आहेत, त्यांच्या कंपनांत सेकंदाला सुमारे बारांचा फरक आहे आणि तेवढ्याच वेगाने आवाज थरथरतो. आता शुद्ध गंधार तसाच ठेवून कोमल गंधार मोकळ्या तारेऐवजी दुसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवर, म्हणजे एक सप्तक वर, ३९२ हर्ट्झवर घ्यावा. ती थरथर जाते, धार मात्र उरते. दोन्ही गंधारांमध्ये आता अकरा अर्धस्वरांचे अंतर पडले आहे आणि त्या दरम्यान कोमल निषाद उभा आहे. शुद्ध खाली आणि कोमल वर ही मांडणी म्हणूनच बदलू नये. कोमल गंधार खालच्या बाजूला नेला तर कॉर्ड धड आनंदी लागत नाही आणि धड उदासही लागत नाही, नुसती चिखलात रुतते.

पहिली तार मुकी ठेवण्यासाठी वेगळे बोट लागत नाही. करंगळी टोकावर उभी असताना तिचा खालचा मांसल भाग पहिल्या तारेला नुसता स्पर्श करत राहील इतकीच ती कलती ठेवावी. ई या षड्जावर ही तार चुकून वाजली तरी नुकसान नाही, कारण ती तार षड्जच आहे, आणि काही वादक ती मुद्दाम मोकळी सोडतात. पण हाच पंजा दोन फ्रेट मागे सरकवून डी सेव्हन शार्प नाइन वाजवली की गणित बदलते. तेथे दुसऱ्या तारेवर एफ असतो, मोकळी पहिली तार ई देते, आणि शेजारी स्वरांची तीच थरथर परत येते. सहावी तारही तेथे चालत नाही. तिला मधल्या बोटाचे टोक किंचित पुढे काढून स्पर्शाने बंद करावे लागते. म्हणून मुकी तार ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावलेली बरी.

विकृतीचा, म्हणजे डिस्टॉर्शनचा, प्रश्न

एका गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात मी ही कॉर्ड ॲम्प्लिफायरचे गेन, म्हणजे आवाज किती फाटावा हे ठरवणारे नियंत्रण, पूर्ण चढवून वाजवली होती. घरी हेडफोनवर जे भारदस्त वाटले होते, ते मांडवात मिक्सरमध्ये कोरडे खोबरे फिरावे तसे ऐकू आले. दोष वाद्याचा नव्हता, ध्वनियोजनेचाही नव्हता.

डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र शिरले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा आणि वजाबाक्यांचे नवे स्वर तयार होतात. रॉकमध्ये सर्रास वाजणारी षड्ज-पंचमाची पॉवर कॉर्ड घ्या. पाचव्या तारेवरचा षड्ज १६४.८ आणि त्याचा पंचम २४६.९, वजाबाकी सुमारे ८२, म्हणजे पुन्हा मंद्र षड्जच. म्हणून ती कितीही गेनवर ठणठणीत राहते. आपल्या कॉर्डमध्ये मात्र कोमल निषाद (२९३.७) आणि शुद्ध गंधार (२०७.६५) यांची वजाबाकी ८६ येते, आणि कोमल निषाद व षड्ज यांची १२९ येते. पहिली कोमल रिषभाच्या आसपास पडते, दुसरी कोमल धैवताच्या. दोन्ही गंधारांची वजाबाकी १८४, म्हणजे जवळजवळ शुद्ध रिषभ. कॉर्डमध्ये नसलेले पाहुणे असे एकामागून एक पंक्तीला येऊन बसतात.

थोडे पाहुणे हवेतच, कारण या कॉर्डचा खरखरीतपणा त्यांच्यातूनच येतो. मी गेन अर्ध्याच्या खाली ठेवून सुरुवात करतो आणि शुद्ध गंधार वेगळा ऐकू येईनासा होईपर्यंत तो चढवतो. मग जरा मागे येतो. हेंड्रिक्स फझ पेडल, म्हणजे आवाज फाडणारे पायाखालचे यंत्र, चालू ठेवून गिटारवरचाच व्हॉल्यूम उतरवत असे आणि आवाज स्वच्छ करत असे. हा उपाय अजूनही सर्वांत सोपा आहे, कारण वाजवता वाजवता करंगळीने तो नॉब फिरवता येतो. ॲम्प्लिफायरचा बेस थोडा कमी ठेवावा, नाहीतर मोकळी सहावी तार सर्वांवर पांघरूण घालते. बँडमध्ये बास गिटार असेल तर सहावी तार वाजवूच नये असे माझे मत आहे; मंद्र षड्ज बासवाल्याचा, आपण वरच्या चार तारांचे मालक.

मुक्काम, प्रवास आणि ठोका

रॉकमध्ये ही कॉर्ड तीन प्रकारे कामाला येते आणि तिन्हींचा रियाज वेगळा आहे. पहिला प्रकार मुक्कामाचा. चार मात्रा ई सेव्हन शार्प नाइन, दोन मात्रा जी आणि दोन मात्रा ए असे आवर्तन घ्यावे. 'पर्पल हेझ'च्या अंतऱ्यांचा सांगाडा याच तीन कॉर्डचा आहे. यातली खुबी जी कॉर्डमध्ये आहे. आपल्या कॉर्डच्या टोकावर असलेला कोमल गंधार पुढच्या क्षणी स्वतःच नव्या कॉर्डचा मूळ स्वर होतो, आणि इतका वेळ पाहुणा वाटणारा स्वर एकाएकी घरमालक झाल्यासारखा वाटतो. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून सुरुवात करावी. जीसाठी सहाव्या तारेचा तिसरा, चौथ्या तारेचा पाचवा, तिसऱ्या तारेचा चौथा आणि दुसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट घ्यावा, आणि 'ए'साठी हाच पंजा दोन फ्रेट पुढे सरकवावा. 'ए'वरून ई सेव्हन शार्प नाइनवर परतताना करंगळी वेळेवर पोहोचत नसेल तर वेग वाढवू नये. 'ए'वर असतानाच नजर दुसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवर ठेवली की ती पोहोचते.

दुसरा प्रकार जुना, जॅझकडून आलेला. येथे कॉर्ड ए मायनरकडे नेते. हे संक्रमण सावकाश, एकेक बोट हलवत करावे, कारण त्यात कॉर्डची घडण बोटांना कळते. सातव्या फ्रेटवरच्या पाचव्या तारेचा स्वर जागचा हलत नाही. चौथ्या तारेवर शुद्ध गंधार अर्धा स्वर चढून सातव्या फ्रेटवर ए होतो. तिसऱ्या तारेवर कोमल निषाद उतरून पाचव्या फ्रेटवर सी होतो. दुसऱ्या तारेवरचा कोमल गंधार आठव्या फ्रेटवर तसाच ठेवला तर ए मायनर सेव्हन मिळते, आणि पाचव्या फ्रेटवर उतरवला तर साधी ए मायनर. बास ए सहाव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर आहे. शुद्ध गंधार सुटतो आणि कोमल गंधार हवा तर थांबू शकतो, हे एकदा ऐकले की या कॉर्डचा ताण कोणत्या स्वरात आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरा प्रकार फंकी ठोक्याचा. कॉर्ड वाजताच डाव्या हाताचा दाब सोडायचा, पण बोटे तारांवरून उचलायची नाहीत, म्हणजे आवाज चटकन कापला जातो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असे दोन कापीव ठोके घेत राहावेत आणि मधल्या वेळात उजवा हात मुक्या तारांवर हलका फिरू द्यावा. एवढेच. इतक्या तीव्र कॉर्डला लांबवत नेण्यापेक्षा असे तुटक वाजवले तर ती गायकाच्या आवाजाखाली दबत नाही आणि त्याला दाबतही नाही.

दुसऱ्या षड्जांसाठी पाचव्या तारेवर तो स्वर शोधून पंजा तसाच सरकवावा. पाचव्या फ्रेटवर डी, सातव्यावर ई, नवव्यावर एफ शार्प. ए साठी हा पंजा बाराव्या फ्रेटवर जातो आणि आवाज पातळ होतो, म्हणून तेथे वेगळी मांडणी बरी. तर्जनी पाचव्या फ्रेटवर आडवी ठेवून सहाव्या, चौथ्या आणि दुसऱ्या तारेचा आवाज घ्यावा, मधले बोट तिसऱ्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर आणि करंगळी पहिल्या तारेच्या आठव्या फ्रेटवर ठेवावी. पाचवी तार बंद. या मांडणीत पंचमही येतो आणि कोमल गंधार पुन्हा सर्वांत वर राहतो.

कॉर्डवर सोलो

रॉकमधले बहुतेक सोलो ज्या पाच स्वरांवर चालतात, त्यांत षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद असतात, म्हणजे आपल्याकडच्या धानीचे स्वर. ते या कॉर्डवर बिनधोक चालतात, कारण कॉर्डमधला कोमल गंधार त्यांना आधार देतो. त्यात शुद्ध गंधार मिसळला की चित्र जोगच्या जवळ जाते. दुसऱ्या तारेवर नववा, दहावा, आठवा आणि पाचवा फ्रेट असा क्रम घेतला तर ग, म, कोमल ग, सा ही जोगची ओळखीची उतरण ई सेव्हन शार्प नाइनवर जशीच्या तशी बसते. सोबतीला कोणी कॉर्ड धरून असेल तर ही उतरण विलंबित घ्यावी. शुद्ध गंधारावर असताना कॉर्डचा खालचा गंधार उजळतो आणि कोमल गंधारावर आल्यावर वरचा.

त्यानंतर तार खेचण्याचा रियाज करावा. दुसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवरचा कोमल गंधार वाजवून तार छताच्या दिशेने किंचित खेचावी, पण शुद्ध गंधारापर्यंत नेऊ नये. साधारण अर्ध्या वाटेवर थांबवून तेथेच धरावी. ब्लूज गाणाऱ्यांचा तिसरा स्वर या मधल्या जागेत फिरत असतो आणि हेंड्रिक्स त्याच परंपरेतून आला होता. पियानोवाल्याला ती जागा मिळत नाही, म्हणून तो दोन्ही शेजारी पट्ट्या एकदम दाबून भागवतो. गिटारवाल्याला कॉर्डमध्ये दोन्ही काठ आणि सोलोत मधला प्रवाह असे दोन्ही मिळते. तार किती खेचायची याचे माप ट्यूनरवर न पाहता आवाजाने ठरवावे. मींड ज्यांच्या कानात आहे त्यांना याला फार दिवस लागत नाहीत.

हे जमल्यावर मी एकदा गिटार घेऊन आजीपुढे बसलो आणि कॉर्ड न वाजवता तीच उतरण खेचलेल्या कोमल गंधारासह ऐकवली. तिने पेटीवर पांढरी तीनचा षड्ज धरला, भाता स्वतःच ओढला आणि म्हणाली, "आता वाजव ती तुझी कॉर्ड."